उजामा : माणसं हलली, काजूची झाडं तिथंच राहिली

गोरखचिंच (धागाकर्ता)

परवा दुसऱ्या एका धाग्यावर कुणीसं लिहून गेलं, "आफ्रिकेतला समाजवाद म्हणजे हुकूमशहांनी देश खाल्ले, विषय संपला." उत्तर लिहायला बसलो आणि ते मारुतीच्या शेपटासारखं वाढत गेलं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

आधी माझा वकूब सांगतो. मी इतिहासाचा माणूस नाही. पोटापाण्यासाठी सहा वर्षं दार एस सलामला होतो, एका कंपनीच्या हिशेबखात्यात. म्हणून मुख्यतः टांझानियाबद्दलच लिहितो. घाना, गिनी, माली, सेनेगल, झांबिया यांचेही आपापले समाजवाद होते आणि प्रत्येकाचा मसाला वेगळा. सेनेगलचे सेंगोर कवी, वीस वर्षं राज्य करून १९८० च्या अखेरीस स्वतःहून उतरले. गिनीचे सेकू तुरे मरेपर्यंत उतरले नाहीत. दोघांना एकाच पोत्यात घालून वजन करता येत नाही.

टांझानियाचे पहिले अध्यक्ष न्येरेरे यांनी आपल्या समाजवादाला नाव दिलं 'उजामा'. हा शब्द स्वाहिली भाषेतल्या 'जमा'वरून आला. जमा म्हणजे आप्त, घरचे लोक. मूळ अरबी, आपले जमात, जमाव हे शब्द त्याच कुळातले. आधी 'उ' लावला की भाववाचक नाम होतं. म्हणजे उजामा म्हणजे आप्तपणा, भाऊबंदपणा. आता मराठीत याला एक शब्द शोधायला जा, हाताला काय लागतं? भाऊबंदकी! आपल्या पूर्वजांना एकत्र कुटुंबाचा अनुभव न्येरेरेंच्या पूर्वजांपेक्षा फारच वेगळा आलेला दिसतो.

ज्युलियस न्येरेरे मूळचे शिक्षक, त्यामुळे सगळा देश त्यांना 'म्वालिमू' म्हणजे गुरुजी म्हणतो. टांगानिका १९६१ च्या डिसेंबरात स्वतंत्र झाला, १९६४ साली झांझिबारशी जोडला जाऊन टांझानिया झाला. ५ फेब्रुवारी १९६७ ला समाजवादाचं धोरण सांगणारा अरुशाचा जाहीरनामा आला आणि दुसऱ्याच दिवशी बँका सरकारजमा झाल्या. जाहीरनाम्यातला मला सगळ्यांत भावणारा भाग बँकांचा नाही, पुढाऱ्यांच्या आचारसंहितेचा आहे. पक्षाच्या आणि सरकारच्या वरच्या लोकांनी कंपनीत शेअर ठेवायचे नाहीत, संचालक व्हायचं नाही, दोन पगार घ्यायचे नाहीत, घरं भाड्यानं द्यायची नाहीत. आपल्याकडच्या एखाद्या जिल्हा परिषदेत हा नियम नुसता वाचून दाखवा, सभागृह रिकामं होईल.

दुसरा भाग खेड्यांचा. टांझानियात आपल्यासारखी गावठाणं फारशी नव्हती. इथं एक झोपडं, अर्ध्या मैलावर दुसरं, मधे शेत आणि जंगल. न्येरेरेंचं म्हणणं असं की लोक एकत्र राहिले तर शाळा, दवाखाना, नळ देता येईल, आणि थोडी शेती सामाईक करता येईल. म्हणणं चुकीचं नव्हतं. सुरुवातीला सगळं खुशीवर होतं. दक्षिणेत रुवुमा भागात तर काही गावांनी आपणहून हे सुरू केलं होतं, चांगलं चालवलं होतं. गंमत अशी की याच गावांची संघटना १९६९ साली सत्ताधारी पक्षानं बरखास्त केली. गावं आपापलं ठरवू लागली, हे खालच्या-वरच्या पुढाऱ्यांना सोसवलं नाही. माझ्या मते तिथंच पहिली माशी शिंकली.

मग नोव्हेंबर १९७३ मध्ये आदेश निघाला : खेड्यात राहणं ही आता मर्जीची बाब नाही. मुदत १९७६ अखेर. १९७७ पर्यंत सुमारे १.३ कोटी लोक सात हजारांहून जास्त गावांत नोंदले गेले. आफ्रिकेत एवढी माणसं इतक्या थोड्या काळात सरकारनं हलवल्याची उदाहरणं फारच थोडी.

आमच्या कंपनीचे ड्रायव्हर लिंडीकडचे होते, साठीकडे झुकलेले. सगळे त्यांना 'म्झे' म्हणायचे, म्हणजे आपलं 'बाबा'. एकदा दक्षिणेच्या दौऱ्यावर रस्त्यालगत सरळ रेषेत मांडलेली घरं दिसली. म्हटलं, म्झे, हे गाव आखलेलं दिसतंय. ते म्हणाले, "आम्ही इथंच आलो १९७४ साली. ट्रक आला, सामान भरलं. परत जाऊ नये म्हणून जुन्या घराचं छप्पर काढून टाकलं." आणि शेत? "शेत तिकडंच." त्यांनी हात केला तिकडं नुसती झुडपं. "वडिलांची काजूची झाडं होती. दोन तास चालत जायचे वेचायला. मग एक दिवस सोडून एक दिवस. मग नाहीच."

हे ऐकल्यावर मी आकडे शोधले. १९७३-७४ च्या हंगामात टांझानियात १ लाख ४५ हजार टन काजूबी निघाली होती. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात २० हजारांच्या खाली. भुरी रोगही होता, सरकारी भावही पडेल होता. पण काजूखालचं गवत काढलं नाही, पडलेली बी वेळेवर उचलली नाही, तर झाड असून नसल्यासारखं. त्याच काळात जागतिक बँकेच्या कर्जातून काजू फोडायचे मोठमोठे कारखाने उभे राहिले. कारखाने तयार झाले तेव्हा फोडायला बी नव्हती.

आता दुसरी बाजू. १२० च्या वर जमाती असलेल्या या देशात मला सहा वर्षांत कुणी "तू कुठल्या जमातीचा" असं विचारून दुसऱ्याचा अपमान केलेला दिसला नाही. बाजारात, कचेरीत, बसमध्ये एकच स्वाहिली. न्येरेरे स्वतः झानाकी नावाच्या छोट्याशा जमातीतले होते, तेही उपयोगी पडलं असावं. त्यांनी शेक्सपिअरची दोन नाटकं स्वाहिलीत आणली. 'मर्चंट ऑफ व्हेनिस'चं नाव त्यांनी ठेवलं 'माबेपारी वा वेनिसी'. बेपारी म्हणजे आपला व्यापारीच, पण स्वाहिलीत त्याचा अर्थ भांडवलदार. १९६९ सालचं पुस्तक. नाव ठेवताना म्वालिमू मिशीत हसले असणार.

प्राथमिक शिक्षण सत्तरच्या दशकात जवळजवळ सगळीकडं पोचलं. साक्षरता १९६७ साली तिसरा हिस्सा होती, ती ऐंशीच्या दशकात सरकारी आकड्यांनुसार ८०-९० टक्के. आकडा फुगवलेला धरला तरी म्झे पेपर वाचायचे, मला पत्र लिहायचे. ज्या सरकारनं त्यांचं छप्पर काढलं त्यानंच त्यांना अक्षर दिलं. त्यांना विचारलं तर ते न्येरेरेंना शिव्या देत नसत. काजूची गोष्ट मात्र दर वेळी सांगत.

चर्चेसाठी इतकं पुरे.

तिरकस

मस्त लेख. थोडक्यात, माणूस सज्जन पण अर्थशास्त्र कच्चं. शेजारच्या केनियानं भांडवलशाही धरली आणि पुढं गेला. एवढं लांबण कशाला?

गोरखचिंच

@तिरकस, केनियानं काय धरलं ते बघा. १९६५ चा सरकारी दस्तऐवज, सत्रपत्र क्र. १०. नाव काय? 'आफ्रिकी समाजवाद आणि केनियातील नियोजनात त्याचा वापर'! आत लिहिलेलं असं की परदेशी भांडवल हवं, राष्ट्रीयीकरण शक्यतो नको, आणि पैसा आधी सुपीक भागात लावा. मंत्री टॉम म्बोया यांच्या खात्याचं काम. त्यावर त्याच वर्षी एका तरुण अर्थतज्ज्ञानं सडकून टीका केली, की जमीन मूठभरांकडं जाईल याचं काय. त्या तरुणाचं नाव बराक ओबामा, अमेरिकेच्या त्याच नावाच्या माजी अध्यक्षांचे वडील. त्या काळी पाटी सगळ्यांच्याच दुकानावर समाजवादाची होती, माल वेगवेगळा.

मांडवीकाठ

केनियाचा विषय निघालाच आहे तर आमच्या एका माणसाचं नाव घ्यायलाच हवं. पियो गामा पिंटो. जन्म नैरोबीत १९२७ साली, आईवडील गोंयचे. शिक्षण इकडं, मुंबईत असताना गोवा मुक्तीच्या कामात पडले, मग १९४९ ला परत केनियात. इंग्रजांनी १९५४ ते ५९ कैदेत ठेवलं. सुटल्यावर केनियातले नेते ओगिंगा ओडिंगा यांच्या डाव्या गटाचं डोकं म्हणजे पिंटो. १९६४ ला खासदार झाले आणि २४ फेब्रुवारी १९६५ ला घराच्या फाटकापाशी गाडीत गोळ्या घातल्या. लहान मुलगी मागच्या सीटवर होती. स्वतंत्र केनियातली ही पहिली राजकीय हत्या. सत्रपत्र क्र. १० त्याच वर्षीचं. विरोध करणारा सगळ्यांत तयारीचा माणूस तेव्हा उरलेलाच नव्हता. तेव्हा 'केनिया पुढं गेला' म्हणताना हेही हिशेबात धरा.

आणि गोरखचिंच, काजूवर तुम्ही लिहिलंत ते वाचून आमच्या घरी सगळ्यांना वाचून दाखवलं. काजूचं झाड सोडून जायला लावणं म्हणजे काय हे गोंयकाराला वेगळं सांगावं लागत नाही. बोंडू पडला की त्याच दिवशी उचलायचा, बी पिळून वेगळी करायची. दोन तास चालत जाऊन कोण करील? वर विरोधाभास असा की टांझानियाची कच्ची बी पुढं कित्येक वर्षं फोडायला भारतातच येत राहिली.

पांढरं_सोनं

मी यवतमाळचा. उजामा वगैरे मला काही माहीत नव्हतं, पण काजूचा "सरकारी भाव" हे शब्द वाचले आणि कान टवकारले. महाराष्ट्रात १९७२ ला कापूस एकाधिकार खरेदी आली. कापूस फक्त सरकारी यंत्रणेला विकायचा, दुसऱ्याला विकला तर गुन्हा. हेतू चांगला होता, व्यापारी नाडत होते हे खरंच. सुरुवातीची काही वर्षं भावही बरा मिळाला. मग बाहेर भाव चढला की इकडचा शेतकरी रात्री गाडी जुंपून राज्याची हद्द ओलांडायचा. आमच्या वडिलांनीही केलंय. एकदा एका खरेदी केंद्रावर तीन दिवस गाडीखाली झोपलो होतो, मी नऊ वर्षांचा. ग्रेडरनं मुठीत कापूस धरला, दाबला आणि दुसऱ्या प्रतीचा म्हणाला. एवढ्यात आमचं वर्ष ठरलं.

तर माझा प्रश्न : टांझानियात काट्यावर कोण होता? भाऊबंद होते की सायब?

गोरखचिंच

@पांढरं_सोनं, दंडवत घ्या. अख्ख्या लेखात मला जे नीट मांडता आलं नाही ते तुम्ही एका प्रश्नात मांडलंत.

आधी काट्यावर भाऊबंद होते. किलिमांजारोच्या उतारावर चग्गा लोकांचा कॉफी संघ १९३३ पासून चालू होता. व्हिक्टोरिया सरोवराच्या दक्षिणेला सुकुमा शेतकऱ्यांचे कापूस संघ. पन्नासच्या दशकात तर हे आफ्रिकेतले मोठे सहकारी संघ होते, आपल्या प्रवरेच्या वेळचेच म्हणा. आशियाई दलालाला बाजूला सारून शेतकऱ्यांनी स्वतःचा काटा उभा केला. न्येरेरेंच्या चळवळीला याच संघांनी माणसं आणि पैसा पुरवला. त्यांत भ्रष्टाचार शिरला हे खरं. पण १९७६ साली सरकारनं सगळे प्रादेशिक संघच मोडीत काढले आणि जागी पिकागणिक सरकारी महामंडळं आणली. कापसाचं वेगळं, काजूचं वेगळं, कॉफीचं वेगळं. समाजवादी सरकारनं सहकार मोडला! तुमच्या प्रश्नाचं उत्तर : १९७६ नंतर काट्यावर सायब होता, आणि त्याचा पगार व गाडीचं पेट्रोल तुमच्या मालाच्या भावातून कापलं जाई. अशा बड्या सायबांना लोक 'वाबेन्झी' म्हणत, बेन्झ गाडीवाल्यांची जमात.

आता @तिरकस यांच्यासाठी. ही मक्तेदारी खरेदी समाजवाद्यांनी शोधलेली नाही. गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, कोकोची सरकारी खरेदी इंग्रजांनी महायुद्धात सुरू केली, १९४७ ला तिचं मंडळ झालं. स्वतंत्र घानाचे पहिले नेते एन्क्रुमा, त्यांना ते आयतं मिळालं. शेजारच्या आयव्हरी कोस्टमध्ये उघड भांडवलवादी सरकार होतं, तिथंही कोकोचा भाव सरकारच ठरवी. शेतकऱ्याच्या घासातला घास काढून शहर उभारायचं हा खेळ दोन्हीकडं चालला. एन्क्रुमांनी त्यातून आकोसोम्बोचं धरण बांधलं, तेमाचं बंदर बांधलं. पण १९५४ ला चढलेला कोकोचा जागतिक भाव १९६५ पर्यंत चौथाईच्याही खाली आला. धरणाचं उद्घाटन २२ जानेवारी १९६६ ला, एन्क्रुमांना लष्करानं हटवलं २४ फेब्रुवारीला. धरण अजून वीज देतंय.

हिशेबनीस

लेख आवडला, पण जमाखर्चात बाहेरचे धक्के फार कमी धरलेत. १९७३-७४ ला दुष्काळ, त्याच वेळी तेल भडकलं. घायपाताचा धागा हे टांझानियाचं मोठं निर्यातीचं पीक, त्याला कृत्रिम धाग्यानं साठच्या दशकातच मारलं. १९७७ ला केनिया-युगांडाबरोबरचा पूर्व आफ्रिकी समुदाय मोडला, रेल्वे-विमान-पोस्ट सगळं नव्यानं उभं करावं लागलं. १९७८ ला युगांडाच्या इदी अमीननं टांझानियाच्या कागेरा भागावर हल्ला केला. टांझानियाचं सैन्य उलट एप्रिल १९७९ मध्ये कंपालात घुसलं. अमीन गेला हे जगावर उपकारच, पण बिल टांझानियानं एकट्यानं भरलं. लगोलग तेलाचा दुसरा भडका. एवढ्यात कुठलंही अर्थशास्त्र टिकलं नसतं.

दुसरं. 'स्वावलंबन' हा अरुशाचा मंत्र, आणि सत्तरच्या दशकात टांझानिया आफ्रिकेतल्या सर्वाधिक परदेशी मदत घेणाऱ्यांत होता. स्कँडिनेव्हियाचे देश, जागतिक बँक, चीन, सगळे लाडानं देत होते. चीननं तर व्याजाशिवाय कर्ज देऊन दार एस सलामपासून झांबियापर्यंत १,८६० किलोमीटरची रेल्वे पाच-सहा वर्षांत बांधून दिली, गोऱ्यांच्या ऱ्होडेशियाला (आजचा झिंबाब्वे) वळसा घालायला. बापाच्या जिवावर स्वावलंबी, असला प्रकार.

गोरखचिंच

@हिशेबनीस, तेल आणि युद्ध मान्य. पण काजू १९७४ पासून घसरला, युद्धाच्या चार वर्षं आधी.

मदतीबद्दल एक भर. न्येरेरेंनी मदत नाकारलीही आहे. १९६५ ला ऱ्होडेशियाच्या प्रश्नावर ब्रिटनशी संबंध तोडले, ठरलेलं कर्ज गेलं. पश्चिम जर्मनीनं पूर्व जर्मनीवरून अटी घातल्या तर त्यांचीही मदत सोडली. ताठ कणा होता, पण खिसा फाटका.

सुमेधा_क

चर्चा छान चाललीय, पण सगळे जण म्वालिमूंच्या प्रेमात पडलेले दिसतात म्हणून मीठ टाकते. १९६२ पासून विनाचौकशी स्थानबद्धतेचा कायदा होता. १९६५ पासून एकच पक्ष. झांझिबारचे अब्दुलरहमान बाबू, स्वतः मार्क्सवादी आणि न्येरेरेंचे मंत्री, १९७२ पासून सहा वर्षं तुरुंगात.

आणि गिनी? १९५८ मध्ये फ्रान्सच्या द गॉलला तोंडावर 'नाही' म्हणणारा एकटा देश. मला कॉलेजात सेकू तुरे हिरो वाटायचे. फ्रेंच जाताना फायली, फोन, बल्बसुद्धा काढून घेऊन गेले. मग त्याच तुरेंनी बोइरोची तुरुंग-छावणी उभी केली. आफ्रिकी ऐक्य संघटनेचे पहिले महासचिव दियालो तेली तिथं १९७७ ला उपासमारीनं मेले. तिथल्या कैद्यांना अन्नपाणी बंद करून मारत, त्या शिक्षेला 'काळा आहार' म्हणत. त्याच वर्षी सरकारला हलवलं कुणी, तर कोनाक्रीच्या बाजारातल्या बायकांनी. आर्थिक पोलीस रोज टोपल्या तपासून माल उचलत होते, बायका एक दिवस उठल्या आणि थेट अध्यक्षांच्या वाड्यावर गेल्या. खासगी व्यापारावरची बंधनं त्यानंतर सैल झाली. यात मला पुन्हा पांढरं_सोनं यांचा काटाच दिसतो.

तिरकस

बरं, थोडा मागं सरकतो. पण शेतकऱ्यांनी टांझानियात काही केलं की नाही? मुकाट ट्रकमध्ये बसले?

गोरखचिंच

सगळे नाही. इरिंगा भागात इस्मानी म्हणून मक्याचा पट्टा आहे. तिथले प्रादेशिक आयुक्त डॉ. क्लेरू, उजामाचे कट्टर पुरस्कर्ते, २५ डिसेंबर १९७१ ला सईदी म्वाम्विंदी नावाच्या शेतकऱ्याच्या रानात जाऊन त्याच्याशी भांडले. त्यानं घरातून बंदूक आणून त्यांना गोळी घातली, प्रेत गाडीत घातलं आणि स्वतः चालवत पोलीस ठाण्यात नेलं. त्याला फाशी झाली. माझ्या वेळीही इरिंगाकडचे लोक हा विषय निघाला की आवाज खाली आणत.

बाकीच्यांनी गुपचूप केलं. सामाईक शेतावर उशिरा जायचं, लवकर निघायचं, आणि जीव घरच्या तुकड्यावर लावायचा. माल रात्री हद्दीपलीकडं. ऐंशीच्या दशकात दुकानात साबण नाही, साखर नाही, कापड नाही. रांगेला स्वाहिलीत 'फोलेनी' म्हणतात, इंग्रजांच्या परेडमधल्या 'फॉल इन'वरून. हल्ली तोच शब्द ट्रॅफिक जॅमला वापरतात, म्हणजे प्रगती झालीच म्हणायची.

मांडवीकाठ

माझी मावशी दार एस सलामला वाढली. त्यांच्या इमारतीचे मालक गुजराती, वरच्या मजल्यावर राहायचे. १९७१ च्या एप्रिलात कायदा आला, लाख शिलिंगच्या वर किमतीच्या, भाड्यानं दिलेल्या इमारती सरकारजमा. दहा वर्षांपेक्षा जुन्या असल्या तर भरपाई शून्य. पुढच्या महिन्यापासून मावशीचे वडील आणि ते शेटजी, दोघंही एकाच सरकारी कचेरीत भाडं भरायला जायचे. शेटजी स्वतःच्याच घराचं. कुणावर मारहाण नाही, युगांडासारखं हाकलणं नाही. अर्थमंत्री म्हणून तर अमीर जमाल होते, मूळचे गुजरातीच. तरी दोनेक वर्षांत शेटजी कॅनडाला गेले. मावशी म्हणते, जाताना त्यांनी जिन्याचा कठडा पुसून घेतला.

पांढरं_सोनं

शेवटचा प्रश्न, मग झोपतो. ते कॉफीवाले भाऊबंद, किलिमांजारोचे. त्यांचा काटा परत मिळाला का त्यांना?

गोरखचिंच

मिळाला. न्येरेरेंनी १९७७ सालीच अरुशाच्या दहा वर्षांचा आढावा घेताना लिहून टाकलं होतं की टांझानिया समाजवादीही झालेला नाही आणि स्वावलंबीही नाही. पुढं संघ मोडणं ही चूक होती असंही ते म्हणाले. १९८२ ला नवा कायदा आला, संघ परत उभे राहिले. न्येरेरे १९८५ ला पायउतार झाले, पुढच्या वर्षी नाणेनिधीशी करार झाला, आणि मग खासगी व्यापारीही काट्यावर आले, त्यांच्याशी संघाची झुंज सुरू झाली.

मोशीला त्या कॉफी संघाची जुनी इमारत आहे, मी खाली कॉफी प्यायलोय. संघ १९३३ चा, पण मधे एकदा मेला होता ना, म्हणून नोंदणी नव्यानं करावी लागली. त्यामुळं अधिकृत नावात कंस आहे : किलिमांजारो नेटिव्ह को-ऑपरेटिव्ह युनियन (१९८४) लिमिटेड.